घडीचे धातुशोधक यंत्र : ते काय सांगते, काय सांगत नाही



मोठ्या सभेच्या आदल्या दिवशी मंडपाची जमीन तपासणारा पोलीस कर्मचारी बहुतेकांनी पाहिलेला असतो. कानाला श्रवणी लावलेली, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती आणि ती चकती जमिनीपासून दोन-तीन बोटे वर धरून सावकाश डावीउजवीकडे फिरवण्याची ती ठरावीक लय. धातुशोधक यंत्राचे हे रूप परिचयाचे आहे. तेच यंत्र आता दांडा दुमडून पिशवीत मावेल अशा घडीच्या आकारात कोणालाही विकत मिळते. वजन दीड किलोच्या आतबाहेर, आत साध्या बॅटऱ्या, आणि चालवायला शिकण्यास एक सकाळ पुरे. एके काळी सैन्याकडे आणि पोलिसांकडे असलेले साधन अशा रीतीने शेताच्या बांधापर्यंत आणि किल्ल्याच्या तटापर्यंत येऊन पोहोचले. म्हणूनच ग्रामपंचायत, शाळा आणि महसूल कचेरी या तिन्ही ठिकाणी त्याची नीट माहिती असणे अगत्याचे झाले आहे.

यंत्राचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. चकतीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला जातो व त्यामुळे खालच्या जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. तेथे धातूची वस्तू असली तर तिच्या अंगात भोवऱ्यासारखे फिरणारे क्षीण प्रवाह उत्पन्न होतात. या प्रवाहांचे स्वतःचे लहानसे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते आणि कानात आवाज होतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत, तर हंड्याएवढी वस्तू हात-दोन हात खोलीपर्यंत कळते. चकती मोठी असेल तर खोली वाढते, पण बारीक वस्तू निसटतात.

या साधनाचा इतिहासही उद्बोधक आहे. दूरध्वनीचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी असे यंत्र घाईघाईने तयार केले होते. प्रयोगात चांगले चाललेले ते यंत्र रुग्णशय्येपाशी निरुपयोगी ठरले. बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ केला आणि डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तोही गोळी नव्हती त्या बाजूला. गोळी सापडली नाही. गारफील्ड वाचले नाहीत. यंत्राचा दोष त्यात थोडा होता, भोवतालच्या लोखंडाचा आणि माणसांच्या ठाम समजुतीचा अधिक. पुढे दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधण्यासाठी हातात धरता येईल असे यंत्र सिद्ध केले. १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत अशी सुमारे पाचशे यंत्रे वापरली गेली आणि सुरुंगक्षेत्र मोकळे करण्याचा वेग दुपटीच्या घरात गेला.

सातारा-सांगलीच्या भूमीत हे यंत्र वापरणाऱ्याला बेल यांच्या बिछान्याची आठवण वारंवार व्हावी, अशी येथील जमीन आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. त्यापासून झालेल्या मातीतही ते उतरतात. महाबळेश्वर, पाचगणी, कास येथील पठारांवरील जांभा तर लोहाच्या ऑक्साइडांनी लालच झालेला आहे. अशा जमिनीवर यंत्र काही नसतानाही गुणगुणत राहते आणि एखादा तापून निघालेला काळा दगड थेट धातूसारखा आवाज देतो. याच्या उलट अडचण वाळवा, मिरज या भागांतील क्षारपड जमिनीची. ओली खारट माती स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे तीही यंत्राला धातूसारखी भासते. चांगल्या यंत्रात जमिनीचा हा गुण वजा करण्याची सोय असते. परंतु ज्या शेतात शोध घ्यायचा तेथील मोकळ्या जागेवर प्रथम यंत्र जुळवून घ्यावे लागते. एका शेतातील जुळणी दुसऱ्या शेतात चालत नाही.

आणि येथे सापडते तरी काय? बहुतेक वेळा नांगराच्या फाळाचा तुकडा, खिळे, गाडीच्या धावेचे अवशेष, ट्रॅक्टरचे गळलेले बोल्ट आणि बैलाच्या पत्र्या. याच पत्रीवरून १९४२ नंतरच्या प्रतिसरकारला तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात ‘पत्री सरकार’ हे लोकांचे नाव पडले, असे सांगतात. क्वचित एखादी शिवराई मिळते. यंत्र धातूच्या जातीचा अंदाज देते, पण तो अंदाजच. सोन्याची लहान अंगठी आणि बाटलीचे चुरगळलेले ॲल्युमिनियमचे झाकण यांचा आवाज पुष्कळदा सारखाच असतो.

ग्रामपंचायतीला या यंत्राचा जो खरा उपयोग आहे तो फारसा कोणी सांगत नाही, कारण त्यात सोने नाही. नळयोजनेच्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणे रस्त्याच्या नव्या थराखाली जातात. कृष्णाकाठी तर २००५ आणि २०१९ सारख्या महापुरांचा गाळ हातभर साठतो. जुना पाणीपुरवठा कर्मचारी निवृत्त झाला की व्हॉल्व्ह कोठे आहे हे सांगणारा माणूस गावात उरत नाही आणि मग अंदाजाने रस्ता फोडला जातो. अशा ठिकाणी घडीचे यंत्र अर्ध्या तासात झाकण दाखवून देते. तालुक्याच्या ठिकाणी एक यंत्र ठेवून गावोगावी आळीपाळीने दिले तरी खर्च भरून निघेल.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हल्लीच्या योजनांत प्लॅस्टिकच्या नळ्या मोठ्या प्रमाणावर घातल्या जातात आणि प्लॅस्टिक या यंत्राला दिसत नाही. नळी पुरतानाच प्रत्येक वळणावर व जोडावर, हातभर खोलीच्या आत, लोखंडी पट्टीचा वीतभर तुकडा ठेवला तर पुढच्या पिढीचे खोदकाम वाचेल. त्याच्या जोडीला विहीर, देऊळ, शाळेची भिंत अशा न हलणाऱ्या खुणांपासूनची अंतरे लिहिलेला नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावा.

खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. ‘शंभर फूट खोलीवरचे सोने दुरून दाखवणारे’ यंत्र म्हणून जे विकले जाते, त्याला वर सांगितलेल्या तत्त्वांपैकी कोणतेही लागू पडत नाही. हातातील मुठीवर फिरणारी एक सळई, एवढेच पुष्कळदा त्याचे स्वरूप असते. अशी फसवणूक केवळ खेड्यात होते असे नाही. ब्रिटनमधील एका विक्रेत्याने स्फोटके शोधणारी म्हणून अशीच पोकळ यंत्रे इराकच्या सरकारला विकली. तेथील तपासणी नाक्यांवर ती वर्षानुवर्षे वापरली गेली आणि त्यांच्यावर विसंबून माणसे प्राणास मुकली. २०१३ साली त्या विक्रेत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. कसोटी सोपी आहे. विक्रेत्याला पाठमोरे उभे करावे, पाच खड्ड्यांपैकी एकात लोखंडाचा तुकडा पुरावा आणि पाचही सारखे बुजवून त्याला शोधावयास सांगावे.

गुप्तधनाच्या नादाची गोष्ट याहून गंभीर आहे. ओसाड वाडा, पडकी गढी, जुनी समाधी, किल्ल्यावरील टाके यांच्याभोवती पुरलेल्या हंड्याच्या कथा दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. पूर्वी मांत्रिक जागा दाखवीत असे. आता त्याच्या हाती हे यंत्रही दिसू लागले, एवढाच फरक. यंत्राचा आवाज ऐकू आला की मांत्रिकाच्या शब्दाला शास्त्राचे बळ आल्यासारखे वाटते आणि त्यापुढची मागणी पैशाची, क्वचित बळीची असते. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले, तो नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर, २०१३ साली महाराष्ट्रात लागू झाला. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा पाण्याचे झरे शोधण्याच्या निमित्ताने केलेली अमानुष व अघोरी कृत्ये त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहेत. शिक्षा किमान सहा महिने आणि कमाल सात वर्षे आहे. रात्री किल्ल्यावर पूजेचे साहित्य आणि पहार घेऊन जाणारी टोळी दिसली, तर ती पोलीस पाटलाला तात्काळ कळवण्याची बाब आहे.

काही जण म्हणतात, मंत्रतंत्र नको हे खरे; पण नुसते यंत्र लावून आपल्याच शेतात खणले तर बिघडले कोठे? याचे उत्तर महाराष्ट्रातील तीन शोधांवरून मिळते.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५० होती आणि सर्व क्षत्रप राजा नहपानाची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडली याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. तो एका नाण्यात नाही, सगळी नाणी एकत्र राहिली यात आहे. साठा वाटून घेतला असता, सोनाराच्या मुशीत गेला असता, तर चांदी उरली असती.

दुसरा शोध कोल्हापूरचा. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४ ते १९४६ या काळात उत्खनने झाली. तेथे मिळालेल्या ब्राँझच्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी मूर्ती होती. ती सातवाहनकालीन वस्तीच्या अवशेषांसह मिळाली, म्हणून कोल्हापूरच्या बाजारपेठेचा रोमन जगाशी असलेला संबंध निर्विवाद ठरला. हीच मूर्ती भंगारवाल्याच्या दुकानात आढळली असती तर कोणा साहेबाने आणलेली शोभेची वस्तू, असा निर्वाळा देऊन विषय संपला असता.

तिसरा शोध दायमाबादचा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली झाडाची मुळे खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझची चार शिल्पे मिळाली : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. असे शिल्प भारतात दुसरीकडे मिळालेले नाही. शेतकऱ्याचा काहीच दोष नव्हता. पुढे तेथे शास्त्रशुद्ध उत्खननही झाले. तरीही ती शिल्पे कोणत्या थरात होती हे त्या वेळी नोंदले गेले नव्हते, म्हणून काही अभ्यासकांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली आणि काहींनी धातूतील घटकांवरून ती पुष्कळ नंतरची असावीत असे मत मांडले. मातीच्या एका थराची नोंद राहिली आणि त्यातून निर्माण झालेला वाद पुढे अनेक वर्षे चालला.

कराड हे गाव ‘करहाकट’ या नावाने भारहुतच्या स्तूपावरील दानलेखांत येते. जवळच आगाशिवची बौद्ध लेणी आहेत. कृष्णा-कोयनेच्या काठी पांढरीची टेकाडे आहेत आणि वीटभट्टीसाठी, शेतासाठी तेथील पांढरी माती पिढ्यान् पिढ्या उचलली जात आहे. अशा ठिकाणी यंत्राचा आवाज ऐकून मारलेला एक खड्डा चार-पाच थर एकमेकांत मिसळून टाकतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना खणणे हा तर १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य अधिनियमाखाली गुन्हाच आहे. इतर देशांनी आपापल्या परीने मार्ग काढले आहेत. आयर्लंडने १९८७ पासून पुरातन वस्तूंसाठी विनापरवाना यंत्र वापरण्यासच मनाई केली; इंग्लंडने हौशी शोधकांना मोकळीक दिली, पण सापडलेल्या वस्तूची जागेसह नोंद करणारी यंत्रणा देशभर उभारली.

भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे आणि तो वाटतो तितका जाचक नाही. सापडले की सगळे सरकार नेते, या भीतीपोटीच बहुतेक साठे गुपचूप वितळवले जातात. ही भीती निराधार आहे हे पंचायत सदस्यांनी आवर्जून सांगावे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले (ही मर्यादा १८७८ ची आहे, म्हणजे आज जवळजवळ काहीही) तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावयाची. वस्तूचे स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याचे ठिकाण आणि दिनांक त्यात लिहावयाचा आणि वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात ठेवावयाची किंवा तिच्यासाठी जामीन द्यावयाचा. जाहीर नोटीस व चौकशी होऊन निधी बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व एक चतुर्थांश मालकाचा. जागेच्या मालकीवर कोणी हक्कच सांगितला नाही तर सर्व निधी सापडणाऱ्याचा. शासनाला तो संग्रहासाठी हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन घ्यावा लागतो. लपवणाऱ्याला मात्र एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय त्याचा वाटा शासनजमा. साथ देणाऱ्या जागामालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद.

विहीर खणताना, घराचा पाया काढताना, जेसीबीच्या दातांना हंडा लागला की गावात प्रथम धावत येतात ती मुले आणि त्यांच्या मागोमाग शिक्षक. तलाठी येईपर्यंत शिक्षकांना करता येण्याजोगी कामे थोडी आहेत. यंत्र थांबवावे, वस्तू हलवू किंवा घासू देऊ नये, कारण नाण्यावरील गंजाचा थर घासला की अक्षरेही जातात. वस्तू ओळखीची नसून तोफगोळ्यासारखी असेल तर सर्वांना दूर करून पोलिसांना कळवावे. धातुशोधक यंत्राला हंडा आणि गोळा यांतील फरक कळत नाही. अन्यथा शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वहीच्या पानावर लिहावे : जमिनीच्या पृष्ठभागापासून खोली किती, मातीचा रंग वर कोणता व खाली कोणता, सोबत खापरे, विटा, राख, हाडे होती काय, जवळच्या विहिरीपासून अंतर किती पावले, कोणत्या दिशेस, आणि त्या वेळी तेथे कोण कोण उपस्थित होते. त्या पानावर दोन सह्या घेऊन ते जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाच्या सूचनेला जोडावे.