देणं-घेणं



अध्यक्षाने आपल्या मानसोपचाराच्या व्यवसायाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. आज मी ती बाजूला ठेवते. मला दोन पेशंटांबद्दल बोलायचं आहे. एक आपण सगळ्यांनी वाचलेला. दुसरी माझी, तिच्याबद्दल बोलण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे.

सर्गेई पँकेयेव्ह हा रशियातल्या श्रीमंत जमीनदाराचा मुलगा. १९०६ मध्ये त्याच्या बहिणीने आत्महत्या केली, पुढच्या वर्षी वडील गेले. म्युनिकला मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनकडेही दाखवून झालं, पण गुण आला नाही. १९१० मध्ये, तेविसाव्या वर्षी तो व्हिएन्नात फ्रॉइडकडे आला. लहानपणी त्याला स्वप्न पडलं होतं, की खिडकी आपोआप उघडते आणि समोर अक्रोडाच्या झाडावर पांढरे लांडगे बसलेले असतात. त्यावरूनच तो ‘वुल्फ मॅन’ म्हणून ओळखला गेला. फ्रॉइडने ही केस १९१८ मध्ये प्रसिद्ध केली.

शिकताना आपण त्या स्वप्नापाशी थांबतो. मला त्यानंतरची साठ वर्षं खुणावत राहिली आहेत.

उपचार पुढे सरकेनात, तेव्हा फ्रॉइडने शेवटाची तारीख ठरवून टाकली. १९१४ च्या उन्हाळ्यात उपचार संपले. पेशंटच्या मनावरचं उपकाराचं ओझं हलकं व्हावं, म्हणून जाताना त्याने काहीतरी भेट द्यावी, असं फ्रॉइडनेच सुचवलं. पँकेयेव्हने एक प्राचीन इजिप्शियन मूर्ती दिली. एवढ्याने फिटेल, असं दोघांनाही वाटलं असावं.

मग रशियात क्रांती झाली आणि इस्टेट गेली. १९१९ मध्ये तो परत आला तेव्हा खिसा रिकामा होता. फ्रॉइडने फी घेतली नाही. पुढे काही वर्षं तो दरवर्षी ओळखीच्यांकडून वर्गणी गोळा करून या माणसाला देत राहिला. यात माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण १९२२ मध्ये रशियातून घराण्याचे थोडे दागिने पँकेयेव्हच्या हाती आले, आणि ते त्याने फ्रॉइडपासून लपवले. मदत थांबेल, अशी भीती त्याला वाटत होती. ज्या खोलीत सगळं बोलायचं असं ठरलं होतं, त्या खोलीशी असलेल्या नात्यातच एक न बोलण्याची गोष्ट येऊन बसली. मला ही सगळी केस त्या दागिन्यांमध्ये दिसते.

पुढे १९२६ मध्ये नाकाविषयीच्या भ्रमाने तो हैराण झाला. फ्रॉइडने त्याला मनोविश्लेषक रूथ मॅक ब्रन्स्विककडे पाठवलं. तिनेही पैसे घेतले नाहीत, आणि ती स्वतः तेव्हा फ्रॉइडचीच पेशंट होती! १९३८ मध्ये त्याची पत्नी तेरेझा हिने आत्महत्या केली, तेव्हा त्याची परिचित म्युरिएल गार्डिनर मदतीला धावली. पुढे त्याच्या आठवणींचं पुस्तकही तिनेच संपादित केलं. आयुष्याच्या अखेरीला कारिन ओबहोल्झर या पत्रकार बाईंशी तो मोकळेपणाने बोलला, पण हे सारं आपल्या मृत्यूनंतरच छापावं, अशी त्याची अट होती. तो १९७९ मध्ये गेला आणि पुस्तक १९८० मध्ये आलं. आपण बरे झालो ही गोष्ट खरी नाही, असं त्यात तो सांगतो. फ्रॉइडबद्दलचा आदर तरीही त्याच्या बोलण्यातून जात नाही. हे सांगायला त्याला आपल्या मरणाचा आडोसा घ्यावा लागला, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या क्षेत्राला तो बरा झालेला हवा होता. त्याचं नाव हाच आपला पुरावा होता.

आता माझ्याबद्दल.

एक बाई माझ्याकडे नऊ वर्षं येत होत्या. दर बुधवारी, संध्याकाळी साडेपाचला. सहाव्या वर्षानंतर त्यांना माझी गरज उरली नव्हती. मला ते दिसत होतं आणि मी तो विषय काढत नव्हते. त्याच सुमारास माझे पती गेले. मी दोन आठवडे दवाखाना बंद ठेवला, पण त्याचं कारण कोणाला सांगितलं नाही. पुढे एका बुधवारी त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, रागावू नका. हल्ली मला वाटतं, मी इथे तुमच्यासाठी येते. तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या सुपरव्हायजरना फोन केला. तेवीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि रडले. ट्रान्सफरन्सवर, म्हणजे पेशंट आपल्या भावना उपचार करणाऱ्यावर कशा वळवतो यावर, मी कितीतरी व्याख्यानं दिली आहेत. माझ्या बाजूने काय चाललं होतं, ते पेशंटने मला दाखवलं.

आम्ही तारीख लादली नाही. थांबायला अकरा महिने घेतले. त्या महिन्यांत त्या माझ्यावर चिडल्या, दोनदा आल्याच नाहीत, एकदा फीचं पाकीट टेबलावर आपटून गेल्या. आमच्या नऊ वर्षांतलं सर्वांत खरं काम त्या दिवसांत झालं, असं मी मानते.

शेवटच्या दिवशी त्यांनी कैरीच्या लोणच्याची चिनीमातीची बरणी आणली. आंब्याची पेटी, दिवाळीचा फराळ, मुलीच्या लग्नातली साडी, हे सगळं मी आजवर हात जोडून परत केलेलं. ही बरणी घेतली. लोणचं वर्षभर पुरलं. बरणी धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आणि मग लक्षात आलं, की रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. आई त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालायची. साखर घालून पाठवली, तर त्यांच्या घरचा उंबरठा मी ओलांडला. तशीच ठेवून घेतली, तर त्यांची वस्तू माझ्याकडे राहिली.

या भाषणाच्या परवानगीसाठी फोन केला, तेव्हा मी बरणीचं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘राहू द्या तुमच्याकडे. मी दुसरी घेतलीय.’’