दहावीनंतर कॉलेज की आयटीआय?



एरवी आमच्या गटांच्या मीटिंगमध्ये कर्ज मागितलं जातं ते शेळीसाठी, खतासाठी, दवाखान्यासाठी. दहावी-बारावीचे निकाल लागले की सगळ्यांचं कारण एकच होतं, पोरांचं ॲडमिशन. किती पैसे द्यायचे यावर तासभर चर्चा होते आणि कशासाठी द्यायचे हे पाच मिनिटांत उरकतं. म्हणून आज त्या पाच मिनिटांबद्दल बोलू या.

मी बार्शी तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघते. दरवर्षी दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "पोरगं अभ्यासात बरं नाही, आयटीआयला घालू." आणि दुसरं, "पोरीला आर्ट्सला घालू, लग्न जमेपर्यंत बीए होईल." पहिल्यात आयटीआयचा अपमान आहे आणि दुसऱ्यात कॉलेजचा. पोरापोरींना काय वाटतं, ते दोन्हीत कुठंच नाही.

आधी आयटीआयचं बघू. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, शिवणकामाचा ट्रेड एक वर्षाचा. सरकारी आयटीआयला प्रवेश मार्कांवर लागतो आणि इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला चांगले मार्क असलेली मुलंही रांगेत असतात. तिथं मोजमाप आहे, ड्रॉइंग आहे, गणित आहे. ज्याला पुस्तकाचा कंटाळा आहे पण घरातला मिक्सर उघडून परत जोडता येतो, त्याच्यासाठी ही जागा चांगली. ज्याला कशाचाच कंटाळा जात नाही, त्याला तिथंही कंटाळा येणारच. आणि हजेरी रोजची, दिवसभराची. द्राक्षाच्या छाटणीला पंधरा दिवस दांडी मारून चालत नाही.

आयटीआयला गेलं की शिक्षण संपलं, असंही नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घेता येते. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. ट्रेडनंतर कंपनीत ॲप्रेंटिसशिप मिळते. त्यासाठी 1961 पासून कायदा आहे आणि त्या काळात दरमहा विद्यावेतन द्यावं लागतं.

पण गोड गोडच सांगून जमायचं नाही. चाकणला, रांजणगावला गेलेली आपल्याकडची बरीच मुलं कंत्राटावर आहेत. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसरी कंपनी, परत तेच. एका खोलीत पाच जण, भाडं आणि मेस जाऊन घरी काय पाठवणार? म्हणून पोरगा "कंपनीत लागला" म्हटल्यावर पेढे वाटायच्या आधी विचारा, कंपनीचा आहे की ठेकेदाराचा? आणि त्याच मुलानं इथंच राहून मोटर रिवायंडिंग केलं, घरांचं वायरिंग केलं, तर? उन्हाळ्यात बोअरची मोटर जळते तेव्हा आपण माणूस शोधत कुठंकुठं फिरतो, आठवा. मात्र वायरिंगची कामं कायदेशीर घ्यायची तर विद्युत निरीक्षक कार्यालयाकडचा परवाना लागतो. त्याची चौकशी शिकत असतानाच करून ठेवावी.

आता बीए. मी स्वतः बीए आहे, त्यामुळे त्या डिग्रीला नावं ठेवणार नाही आणि डोक्यावरही घेणार नाही. बीए झालं म्हणून कुणी घरी येऊन नोकरी देत नाही. पण तलाठ्याचा फॉर्म भरायला पदवी लागते, एमपीएससीला पदवी लागते. तीन वर्षं वाचायची, लिहायची, चार माणसांत उठून बोलायची सवय लागते. बँकेत मॅनेजरसमोर बसून गटाची फाईल का अडवली हे विचारताना मला ती सवय रोज उपयोगी पडते. उलट महावितरणच्या विद्युत सहाय्यकाची भरती निघाली तर माझ्या बीएला तिथं कुणी विचारत नाही. तिथं इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा ट्रेड लागतो. पोलीस शिपायाला बारावी लागते. म्हणजे नुसतं "शिकलेलं बरं" म्हणून भागत नाही. कुठलं काम करायचं मनात आहे आणि त्याला कुठला कागद लागतो, हे आधी बघायला हवं. आणि कमावता कमावता पदवी घ्यायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच. म्हणून ज्याला हातात कसब हवंय त्याला "आधी पदवी घे" म्हणून अडवू नका. ती मागाहूनही घेता येते.

आता जरा नीट ऐका, कारण इथं पैसे बुडतात. गेल्या वर्षी एका गटातल्या ताईंनी मुलीच्या नर्सिंगसाठी सत्तर हजारांची मागणी केली. एक वर्षाचा कोर्स, पांढरा ड्रेस, शंभर टक्के नोकरी. मी एवढंच विचारलं, हा कोर्स झाल्यावर तिचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदवलं जाईल का? ताईंनी संस्थेत जाऊन विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, "आमचं सर्टिफिकेट सगळीकडं चालतं." लेखी द्या म्हटल्यावर साहेब चहा मागवायला लागले. मैत्रिणींनो, मान्यता असलेला एएनएम दोन वर्षांचा आहे आणि जीएनएम तीन वर्षांचा. कौन्सिलमध्ये नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. एक वर्षाच्या कागदावर दवाखान्यात ठेवून घेतीलही, पण पगार नर्सचा मिळणार नाही आणि सरकारी भरतीत तो कागद चालणार नाही. त्या ताईंनी मागणी मागं घेतली. मुलगी तीन दिवस जेवली नाही, हेही सांगते. तिनं मैत्रिणींना ड्रेसचा रंगसुद्धा सांगून ठेवला होता.

कोर्स खरा की खोटा हे कळायचा माझा एक सोपा उपाय आहे. आधी राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्ज विचारायचं. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, आई किंवा वडिलांना सहकर्जदार करते, आणि हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात. कोर्सला मान्यता नाही म्हणून बँकेनं नकार दिला तर रुसून गटाकडं येऊ नका, त्या नकारावर विचार करा. आपल्या गटाचं व्याज शेकडा दोन. पन्नास हजार घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याजच हजार रुपये, आणि ते शिकणाऱ्याच्या नाही, आईच्या मजुरीतून जातं. शिवाय फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत फी माफीचा निर्णय 2024 मध्ये झाला. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक मागास, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना तो लागू आहे. पण खोलीचं भाडं, डबा, पुस्तकं त्यात नाहीत. शेवटच्या वर्षापर्यंतचा सगळा खर्च एका कागदावर मांडा आणि तो कागद मुलांनाही दाखवा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं.

मुलींबद्दल अजून थोडं. आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत. आमच्या एका गटातली मुलगी इलेक्ट्रिशियनला जाते म्हणाली, तर आजी म्हणाली, "खांबावर चढणार का आता?" मुलगी म्हणाली, "आजी, कंट्रोल पॅनल जमिनीवर असतं." आजीचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता, वर्गात अजून मुली किती, मुलींचं स्वच्छतागृह कसं आहे, हे प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरं घरात बसून मिळत नाहीत. आई आणि मुलगी, दोघींनी एक दिवस आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यावं. कॉलेजलाही असंच जावं, शनिवारी नाही, मधल्या वारी, म्हणजे तास होतात की नाही ते दिसेल.

आणि कागदपत्रं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आजच तहसीलला अर्ज टाका. आयटीआयचा फॉर्म ऑनलाइन भरतात. त्यात ट्रेड आणि संस्था पसंतीच्या क्रमानं लिहायच्या असतात. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. नेट कॅफेवाला गर्दीत स्वतःच पटापट पर्याय टाकून देतो, आणि घरी आल्यावर कळतं की पहिल्या नंबरवर भलताच ट्रेड आहे. तेव्हा फॉर्म भरायला बाप किंवा भाऊ एकटा पाठवू नका. ज्याचा फॉर्म आहे त्याला खुर्चीवर बसवा, आणि सबमिट करायच्या आधी पहिला पर्याय त्यालाच मोठ्यानं वाचू द्या.