करार, सुट्टी आणि संसार



कामगार चळवळीतल्या माणसाने इंग्रजी प्रेमकथांवर बोलावे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना गंमत वाटली असेल. आम्ही शाळा सातवीत सोडली. इंग्रजी शिकलो ते कारखाना कायद्याची कलमे वाचता यावीत म्हणून. पण सरावासाठी रद्दीवाल्याकडून ज्या कादंबऱ्या वजनावर आणल्या, त्यांत कायदा थोडा आणि प्रेम फार निघाले. त्यांतल्या एका जातीच्या कथेविषयी आज चार शब्द सांगणार आहोत.

कथा साधारण अशी असते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. एक कर्जात बुडालेला उमराव, एक श्रीमंत व्यापाऱ्याची कन्या. वडीलधारी मंडळी लग्न ठरवतात. वधूवरांची ओळख जेमतेम. मग नाताळ येतो, बर्फाने रस्ते बंद होतात, आणि सुट्टीच्या बारा दिवसांत शेकोटीपाशी बसून दोघांना एकमेकांचे मन कळते. विलायतेत अशा कथा हिवाळ्यात निघतात आणि आवडीने वाचल्या जातात.

विद्वान मंडळी नाक मुरडतात. आम्हाला मात्र या कथांत एक प्रामाणिकपणा दिसतो. जॉर्जेट हेयर (1902–1974) ही या प्रांतातली मोठी लेखिका. तिची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ ही कादंबरी 1961 साली निघाली. तीत नाताळचे बर्फ महत्त्वाचे नाही, पण ठरवलेले लग्न आहे. नावातच करार आहे. युद्धावरून परतलेल्या अ‍ॅडमला बापामागे किताब मिळतो, आणि कर्जही मिळते. त्याचे मन एकीवर, लग्न मात्र जेनीशी. कारण जेनीचा बाप लंडनचा धनाढ्य व्यापारी. जावयाची वडिलोपार्जित जमीन तो कर्जातून वाचवतो. शेवटी प्रेमाचा भडका वगैरे काही उडत नाही. घर सांभाळणाऱ्या, आवडीनिवडी लक्षात ठेवणाऱ्या बायकोविषयी नवऱ्याला हळूहळू माया वाटू लागते, इतकेच.

आधी हिशेब, मग माया! हे ऐकून आपल्याला परके वाटत नाही. त्या काळी इंग्रजांच्या वरच्या वर्गातही लग्नाआधी वकील बसत. बायकोला हातखर्चाला किती, विधवा झाली तर किती, हे कागदावर ठरे. तसे न केले तर लग्न होताच बायकोचा पैसाअडका नवऱ्याच्या मालकीचा होई. विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता आपल्या नावे ठेवण्याचा पुरता हक्क इंग्लंडात मिळाला तो 1882 च्या कायद्याने.

पण आमच्या मनात वेगळाच प्रश्न येतो. त्या बारा दिवसांत शेकोटीत कोळसा कोण घालत होते? पहाटे उठून पाणी कोण तापवत होते? त्या मोलकरणीचे आणि त्या घोडेवाल्याचे लग्न केव्हा झाले असेल?

याचे एक उत्तर इतिहासात सापडते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले पुष्कळ गरीब कामकरी 25 डिसेंबरलाच लग्न लावीत. मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या चर्चमध्ये त्या दिवशी जोडप्यांची रांग लागे. हौस म्हणून नव्हे हो! कामाला सुट्टी असणारे दिवसच मोजके. डिकन्सने 1843 साली लिहिलेल्या नाताळच्या गोष्टीत कारकून एका दिवसाची रजा घेतो, तीसुद्धा मालकाची कुरकुर ऐकून. नाताळचा दुसरा दिवस कायद्याने सुट्टीचा झाला तो 1871 साली. म्हणजे उमरावाला बारा दिवस, आणि मजुराला लग्नाचा एक दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा काम.

आता आपल्याकडे पाहा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. आमच्या आईवडिलांच्या पिढीत कोकणातली मुले लग्न करून मुंबईस येत. बायको गावी, नवरा चाळीतल्या खोलीत दहाजणांबरोबर, जेवण खानावळीत. भेट गणपतीला नाहीतर शिमग्याला. घरच्यांनी ठरवलेले लग्न. चार गणपती उलटले की दोघांची नीट ओळख होई. बाया सांगत, “ह्या खेपेला ते दोन दिवस जास्त राहिले,” आणि सांगताना हसत. त्या दोन दिवसांवर कादंबरी कोणी लिहिली नाही.

लग्न प्रेमाचे असो की ठरवलेले, नवराबायकोला एकत्र बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ कामाच्या तासांतूनच काढावा लागतो. म्हणून आमच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या शेजारी पगारी रजा असते. मालक विचारतात, रजा घेऊन हे लोक करतात काय? आम्ही म्हणतो, संसार करतात.

शेवटी एक विनंती. आपल्या सोसायटीच्या फाटकाशी जो रखवालदार बारा तास उभा असतो, त्याला आठवड्याची पगारी सुट्टी आहे का, हे घरी जाताना विचारा. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंनाही विचारा. नसेल, तर ती देववणे आपल्या हाती आहे. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही; सोसायटीच्या सभेत एक ठराव पुरतो.