परदेशातील एक सत्र : विद्यापीठ कसे निवडावे?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केंदूर मुक्कामी केलेले भाषण)



कान्हूराज पाठकांच्या या गावी आज आपण सारे जमलो आहो. तेव्हा त्या सत्पुरुषास वंदन करूनच बोलण्यास आरंभ करणे उचित होय. चालकांनी आम्हांस परदेशी शिक्षणावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय फार विस्तृत. त्यातील एक लहानसा भाग तेवढा आम्ही निवडला आहे. ज्या विद्यार्थ्याला पदवी येथेच घ्यावयाची आहे, परंतु तिच्यातील एक सत्र, म्हणजे चार-सहा महिने, परदेशी विद्यापीठात काढावयाचे आहेत, त्याने ते विद्यापीठ कसे निवडावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. अलीकडे आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे याच कारणासाठी अर्ज येऊ लागले आहेत, आणि त्यांतील पहिल्याच अर्जाने आम्हां समितीच्या मंडळींना चांगला धडा शिकविला. तो झाकून ठेवणे विश्वस्तपणास शोभणारे नाही. यास्तव प्रथम तोच सांगतो.

आपल्यातीलच एक मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात होता. त्याला एका मोठ्या नावाच्या परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. त्या विद्यापीठाचा जगातील क्रमांक वरचा. पत्रावरची मुद्रा पाहूनच आमचे डोळे दिपले. निधीतून कर्ज मंजूर झाले, वडिलांनी कांद्याचे आलेले पैसे त्यात घातले, आणि मुलगा गेला. तेथे त्याने कष्टाने अभ्यास केला, चारही विषयांत उत्तीर्ण झाला व आनंदाने परत आला. परत आल्यावर त्याला कळले की, त्या विषयांचा येथील अभ्यासक्रमाशी मेळ बसत नाही, पूर्वमान्यता घेतलेली नाही, सबब ते श्रेयांक धरता येत नाहीत. ते सत्र त्याला मागच्या वर्गातील मुलांबरोबर पुन्हा करावे लागले आणि एक वर्ष गेले. त्याच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा वडिलांनी चहा दिला आणि पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. दोषाचा एक शब्दही त्यांनी उच्चारला नाही. त्या मुलाच्या मुलाखतीचे टिपण आम्ही मागाहून काढून पाहिले. विद्यापीठाचा क्रमांक कितवा, हा आमचा पहिला प्रश्न होता. तेथले श्रेयांक येथे धरले जातील काय, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

सभ्यहो, परदेशी शिकावयास जाणे महाराष्ट्राला नवे नाही. १९०१ साली विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. तेथे तुलनात्मक धर्माचा अभ्यास करून ते १९०३ साली परतले आणि १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. आज त्यांच्या परीक्षांचे गुण कोणी विचारीत नाही. परत येऊन त्यांनी काय उभे केले, हेच लोक विचारतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्राचे आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञानाचे गुरू त्यांना लाभले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. १९२२ साली काही काळ ते जर्मनीतील बॉन विद्यापीठातही गेले. जर्मन भाषा त्यांना अवगत होती म्हणूनच हे शक्य झाले. बाबासाहेबांच्या चरित्रातील आणखी एक बारीक गोष्ट आमच्या आजच्या विषयास फार उपयोगी आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. एवढा प्रज्ञावंत पुरुषही विद्यापीठाच्या नियमांची वाट आधी मोकळी करून घेतो, मग आपण का घेऊ नये?

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आमच्या मते पाच गोष्टी पाहाव्यात, आणि त्या याच क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट श्रेयांकांची. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार आपल्याकडे वर्षाचे ४० श्रेयांक, म्हणजे सत्राचे २० होतात. युरोपातील पद्धतीत वर्षाचे ६० आणि सत्राचे ३० धरतात. म्हणजे तेथले तीस येथे तीस होत नाहीत. आपली मणाची आणि त्यांची किलोची मापे एकमेकांत बदलून घ्यावी लागतात, त्यातलाच हा प्रकार. यासाठी कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, याचा तक्ता करून त्यावर विद्यार्थी, आपले महाविद्यालय आणि परदेशी विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या घ्याव्यात. तिकडे यास ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. आपण अभ्यास-करार म्हणू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत जोड-अभ्यासक्रमांसाठी परदेशी मिळविलेल्या श्रेयांकांना एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तेथेही दोन्ही संस्थांचा लेखी करार असावाच लागतो. तात्पर्य, तिकिटाच्या आधी सही.

दुसरी गोष्ट पंचांगाची. आपली सत्रे सामान्यतः जुलै ते नोव्हेंबर आणि जानेवारी ते मे अशी चालतात. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होऊन मार्चअखेर संपते आणि उन्हाळी सत्र एप्रिलात लागते. ऑक्टोबरात निघालेल्या मुलाची येथील परीक्षा बुडते आणि मार्चमध्ये परतला तर येथील दुसरे सत्र अर्धे झालेले असते. एका सत्रासाठी तो दोन सत्रे गमावतो. अमेरिकेत जानेवारी ते मे हे सत्र आपल्याशी बरेच जुळते. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारीअखेर ते जून आणि जुलैअखेर ते नोव्हेंबर अशी सत्रे असल्याने तेथेही मेळ बसतो. पेरणीची वेळ चुकली तर उत्तम बियाणेही वाया जाते, हे या दुष्काळी पट्ट्यातल्या आपल्या मंडळींना आम्ही काय सांगावे?

तिसरी गोष्ट पैशांची. येथे मुख्य प्रश्न असा की, मुलगा दोन विद्यापीठांच्या आदानप्रदान-करारातून जात आहे की स्वतंत्र पाहुणा विद्यार्थी म्हणून? करारातून जाणारा सामान्यतः आपले शुल्क येथेच भरतो आणि तेथले शुल्क त्याला माफ असते. स्वतंत्रपणे जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी तेथले पुरे शुल्क द्यावे लागते. युरोपच्या इरॅस्मस योजनेतून आपल्या विद्यार्थ्यांनाही अल्पकाळासाठी साहाय्य मिळू शकते. परंतु त्यासाठीही दोन संस्थांत करार लागतो, विद्यार्थ्याने एकट्याने अर्ज करून भागत नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीशुल्क नाही, हे खरे. पण राहण्याखाण्याची सोय दाखविल्यावाचून प्रवेशपरवाना मिळत नाही. त्यासाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून महिन्यास ९९२ युरो हा हिशेब धरतात. सहा महिन्यांचे ५९५२ युरो झाले. ‘फुकट शिक्षण’ हा शब्द ऐकून ज्यांनी घरी पेढे वाटले असतील, त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

चौथी गोष्ट विषयाची आणि गुरूची. एका सत्रात चार-पाच विषयच होतात. तेव्हा संपूर्ण विद्यापीठाचा क्रमांक पाहण्यापेक्षा ते चार-पाच विषय त्या सत्रात खरोखरच शिकविले जाणार आहेत काय, कोणत्या भाषेत, कोणाकडून, आणि पाहुण्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत प्रवेश आहे काय, हे विचारावे. ज्याला जर्मनीस जावयाचे आहे त्याने दोन वर्षे आधीच पुण्यात मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषेचे वर्ग धरावेत. बाजारातून ती भाषा आयत्या वेळी विकत आणता येत नाही.

पाचवी गोष्ट निवासाची आणि प्रकृतीची. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे वागविले. पण फिलाडेल्फियात शिकत असता थंडीने आणि आहाराच्या अडचणींनी त्यांची प्रकृती ढासळली. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात निवर्तल्या. आज विमा आहे, दूरध्वनी आहे, उबदार खोल्या आहेत. तरीही वसतिगृहाची लेखी हमी, विम्याचे कागद आणि अडीअडचणीला हाक मारावी असे एक तरी घर, एवढे पाहिल्यावाचून मुलाला पाठवू नये.

यंदा समितीपुढे याच गावच्या एका कन्येचा अर्ज आला आहे. ती पुण्यात अन्नतंत्रज्ञानाचा अभ्यास करते. मुलाखतीस तिच्याबरोबर आईवडीलही आले होते. वडिलांनी विचारले, ‘पोरीच्या या सहा महिन्यांनी आपल्या कांद्याला काय मिळणार?’ मुलगी म्हणाली, ‘दादा, आपल्या चाळीतला कांदा दर वर्षी पावसाळ्यात का सडतो, ते मला शिकायचंय.’ आई इतकेच म्हणाली, ‘तिकडं आजारी पडली तर हिच्या उशाशी कोण बसेल?’ दोन्ही प्रश्न आमच्या अकरा प्रश्नांहून मोलाचे होते.

तिच्यापुढे तीन नावे होती. इंग्लंडातील एका महानगरातले विद्यापीठ कीर्तीने सर्वांत मोठे. परंतु तेथे शुल्क पूर्ण, आणि तिला हवा तो विषय त्या सत्रात नाही. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठाचे पंचांग जुळत होते, विषय अर्धा जुळत होता. तिसरे नाव नेदरलंड्समधील वाखेनिंगेनचे. १८७६ साली शेतीशाळा म्हणून सुरू होऊन १९१८ साली विद्यापीठाच्या दर्जास पोचलेली ही संस्था अन्न आणि शेती या विषयांसाठीच ओळखली जाते, आणि तो देश कांदा निर्यात करणाऱ्या जगातील प्रमुख देशांपैकी आहे. तिने प्रथम सप्टेंबरचे सत्र लिहिले होते. ते जानेवारीअखेरपर्यंत चालते, म्हणून आम्ही फेब्रुवारीचे सत्र पाहण्यास सुचविले. ते जुलैच्या आरंभी संपते आणि येथले पुढचे वर्ष बुडत नाही. आता प्रश्न उरला करार आणि सह्यांचा. तिने आपल्या महाविद्यालयास पत्र दिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. ते येईपर्यंत समितीने रक्कम मंजूर केलेली नाही. ही दिरंगाई तिला कठीण वाटते, आम्हांसही वाटते. परंतु एका घराचे वर्ष आमच्या घाईने गेले आहे, दुसऱ्याचे जाऊ द्यावयाचे नाही.

काही वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा की, एका सत्रासाठी एवढा खर्च कशाला. तेवढ्यात येथे दोन मुलांचे वर्षभराचे शिक्षण होईल. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. निधी लहान आहे आणि त्याच्यावर पहिला हक्क ज्याची येथील फी भरावयाची राहिली आहे त्याचा आहे. म्हणून परदेशी सत्रासाठी देणगी नको, कर्जच असावे, असे आमचेही मत आहे. परंतु दार अजिबात बंद करू नये. शेजारच्या पाबळचे उदाहरण पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आले, आणि १९८३ साली त्यांनी पाबळात विज्ञान आश्रम काढून खेड्यातील मुलांच्या हाती हत्यारे दिली. २००२ साली त्याच आश्रमात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. जगातील नामांकित संस्थेला पाबळची वाट सापडते, तर केंदूरच्या मुलीला जगाची वाट सापडू नये काय?

यास्तव सभेपुढे आमची तीन मागण्यांची नम्र विनंती आहे. पहिली, अभ्यास-करारावरील तिन्ही सह्या पाहिल्यावाचून परदेशी सत्रासाठी निधीतून एक रुपयाही दिला जाऊ नये. दुसरी, परतलेल्या विद्यार्थ्याने पुढील संमेलनात उभे राहून आपण काय शिकलो, किती खर्च झाला आणि काय चुकले, हे सर्वांस सांगावे. तिसरी विनंती सांगताना आमचा आवाज थोडा जड होतो. ज्या मुलाचे वर्ष आमच्या अज्ञानाने गेले, त्याचे उरलेले कर्ज समितीच्या सभासदांनी आपल्या पदरचे घालून फेडावे आणि निधीवर त्याचा भार टाकू नये. आम्ही आमचा वाटा आज खजिनदारांच्या हवाली केला आहे. तो मुलगा आज या मंडपात आहे. यंदाच्या अर्जदार मुलीचा विषयांचा तक्ता त्यानेच तिच्याबरोबर बसून तयार करून दिला.