डोंगरदऱ्यांतील बिनतारी संवाद
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो आणि वधूवरांची माहिती दिली जाते, तेथून एका छंदाविषयी बोलण्यास चिटणीसांनी आम्हांस सांगितले, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. परंतु आपल्या मंडळाचे युवक शिबिर सह्याद्रीत भरते, आणि मुलांची पिशवी भरून देताना प्रत्येक आईच्या मनात एकच प्रश्न असतो : तिकडे काही झाले तर आम्हांस कळणार कसे? आमचे बोलणे त्या प्रश्नापुरतेच आहे.

हौशी रेडिओ, ज्यास जगभर 'हॅम रेडिओ' म्हणतात, तो ऐकण्याचा रेडिओ नव्हे. त्यावर बोलताही येते. मात्र त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. मग ज्याचे त्याला 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम मिळते. व्यापारी संदेश, जाहिराती, गाणी यांस येथे मज्जाव आहे. बाजारात मिळणारी वॉकीटॉकी विकत घेतली म्हणजे कोणी हॅम होत नाही, आणि हौशी पट्ट्यांत परवान्यावाचून ती वापरणे गुन्हा आहे, हे येथे जमलेल्या उत्साही तरुणांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आता २०१९ च्या डिसेंबरातील हकीकत. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, रतनवाडीस आम्ही मुलांना घेऊन उतरलो होतो. अमृतेश्वराच्या देवळापासून जवळच राहुट्या होत्या. दुपारी ओढ्यात उतरताना एक मुलगा घसरला. पाय सुजला, आणि हाड मोडले असावे हे पाहताक्षणीच कळले. कोणाच्याही मोबाइलला संकेत मिळेना. गावातली जीप बाजारास गेलेली. आमच्या कमरेला पाच वॅटची वॉकीटॉकी होती, आणि तिचा आम्हांस अभिमानही होता. आम्ही हाका मारू लागलो. एक तास गेला, एकही उत्तर आले नाही. तो तास व्यर्थ गेला, आणि त्याचा दोष सर्वस्वी आमचा.

कारण उघड होते. वॉकीटॉकीच्या दोन मीटर लांबीच्या लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात. रतनवाडी पडली डोंगरांच्या वाडग्यात. शिखरावर उभे राहिले तर हेच यंत्र दूरदूरच्या गावांशी बोलेल. दरीत मात्र समोरचा कडा त्याचे तोंड बंद करतो. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तथापि संकटाच्या वेळी हाताशी असते तेच माणूस वापरीत राहतो.

दुसरे यंत्र राहुटीत होते. ते सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटरच्या पट्ट्यात चालणारे. रात्री गप्पा माराव्यात म्हणून आणलेले. त्यासाठी वीस मीटर तार लागते. ती मध्यावर तोडून तेथून जोडतार खाली यंत्राकडे आणावयाची, आणि दहा-दहा मीटरचे दोन हात दोन बाजूंस ताणावयाचे. मुलांनी दोन जांभळींच्या मध्ये ती बांधली, जमिनीपासून जेमतेम दीड पुरुष उंच. यापेक्षा उंच फांदी हाताशी नव्हती. परंतु येथे ठेंगणेपणच कामास आले. तार जमिनीजवळ असली म्हणजे लहरींचा मोठा भाग सरळ वर आकाशाकडे जातो, आणि सुमारे अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबरावरून परतून कारंज्याच्या पाण्यासारखा चहूकडे खाली पडतो. वाटेत डोंगर येतच नाही. भोवतालच्या काही शे किलोमीटरांच्या टापूत ती हाक ऐकू जाते. उत्तररात्री तो थर क्षीण होतो, तेव्हा हीच युक्ती फसते. आमची वेळ संध्याकाळची होती, हे आमचे भाग्य.

तिसऱ्या हाकेला पुण्याहून एका वृद्ध गृहस्थांचा आवाज आला. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. गावाचे नाव अक्षर-अक्षर सांगा, म्हणाले. आम्ही सांगितले. "रतनगड की रतनवाडी?" त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा आम्हांस मनातून रागच आला होता. पुढे विचार केला, तेव्हा कळले की त्या एका शब्दाने रुग्णवाहिका भलत्याच वाटेला लागली असती. त्यांनी १०८ क्रमांकास दूरध्वनी केला, मुलाच्या घरी कळविले, आणि गाडी येईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी आमची विचारपूस केली. त्या गृहस्थांना आम्ही आजवर प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

प्रवासाला निघालेले हॅम याहून कितीतरी मोठ्या प्रसंगी उपयोगी पडले आहेत. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात गेले होते, ते निव्वळ छंदासाठी. त्या बेटांवरून कित्येक वर्षांत हौशी केंद्र बोललेले नव्हते, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्या 'व्हीयू४आरबीआय' या संकेतनामाची वाट पाहत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, आणि बेटांचे दळणवळण कोलमडले. आदल्या दिवसापर्यंत जे यंत्र परदेशांशी नमस्कार-चमत्कार करीत होते, त्याच यंत्रावरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर जाऊ लागली.

आता थोडे व्यवहाराचे. पाच वॅट म्हणजे जुन्या झिरोच्या दिव्याहूनही कमी शक्ती, तेवढी पुरते. बारा व्होल्टची लहान बॅटरी दोन-अडीच किलोची असते, ती मुलांनी पाळीपाळीने वाहावी. विजेच्या तारांच्या आसपास आपली तार कदापि फेकू नये. वळिवाचे ढग दिसू लागताच ती उतरवून ठेवावी. परवान्यात नोंदलेले ठिकाण सोडून अन्यत्र यंत्र चालवावयाचे तर त्यासंबंधीचा नियम निघण्यापूर्वी वाचावा. आणि मुक्कामी पोहोचताच, चहाचे आधण ठेवण्याच्याही आधी, तार बांधून एक तरी उत्तर मिळवावे. आम्ही ते केले नव्हते.

बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही ही परीक्षा देता येते, आणि कनिष्ठ श्रेणीच्या परवान्यास मोर्सची कडकट्ट लागत नाही. मागच्या अंगणात आम्ही तार बांधून ठेवली आहे, यंत्र ओसरीवरच्या टेबलावर आहे. भोजनाच्या पंक्ती सुरू होण्यास अद्याप अर्धा तास आहे. चिटणीसांनी ध्वनिक्षेपक तेवढा बंद करवावा, म्हणजे आवाज नीट ऐकू येतील.