अग्रक्रमाचा विवेक
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात झालेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण-तरुणी आज कारखाने, गोदामे, रुग्णालये येथील कामकाजाची धुरा वाहत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्यांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते : कामे दहा, हात दोन, आणि प्रत्येकास आपलेच काम आधी हवे. अशा वेळी बहुधा जो मोठ्याने ओरडतो त्याचे काम आधी होते. महत्त्वाचे काम मात्र पुष्कळदा मुके असते. हा विवेक कसा करावा, यासाठी आम्ही आपल्याच भूमीवरील एक उदाहरण घेतो.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले व श्री. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोह्यापासून मंगळुरूजवळील ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग; त्यात ९१ बोगदे आणि लहानमोठे सुमारे २००० पूल. सपाटीवरील रूळ चटकन दिसतात व वाहवा मिळवितात; बोगदा डोंगराच्या पोटात मुकाट्याने चालतो. परंतु एक बोगदा अडला की सलग गाडी अडली. खडक फोडण्यासाठी स्वीडनहून यंत्रे आणविली, तरी गोव्यात पेडण्याच्या मऊ, ओल्या मातीने दाद दिली नाही. संपूर्ण मार्ग खुला होण्यास १९९८ चा जानेवारी उजाडला. पहिला बोध हा की, ज्या कामावाचून इतर कामे अडतात, त्याचा मान पहिला.

दुसरे असे की, मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला. जो निर्णय जागच्या जागी होऊ शकतो, तो प्रमुखाच्या मेजावर साचू देऊ नये. तिसरे, पुरे झालेले तुकडे पडून राहू दिले नाहीत. रोहा–वीर आणि मंगळुरू–उडुपी हे भाग १९९३ सालीच सुरू झाले. त्यामुळे लोकांचा धीर टिकला.

परंतु सर्वांत मोठा बोध पुढचा आहे. २००३ व २००४ साली पावसाळ्यात दरडी व धोंडे रुळांवर येऊन अपघात झाले, प्रवासी प्राणांस मुकले. आज त्या मार्गावर पावसाळ्याचे वेळापत्रक निराळे असते व गाड्या सावकाश धावतात. वेळ आणि वेग यांची मागणी कितीही मोठी असो, माणसाच्या जिवाचा प्रश्न आला की तिने मागे सरावे. ज्या यादीत हे पहिले कलम नाही, ती यादी फाडून टाकावी.

तरुणांनो, नकार द्यावयाचा तर तो लपवू नका. "आज नाही, गुरुवारी करतो" असे स्पष्ट सांगा आणि गुरुवारी ते कराच. सर्वांस होकार देणारा अखेरीस सर्वांसच फसवितो.

आणि वडीलधाऱ्यांनो, आपणही त्यांच्या यादीतले एक मागणेकरी आहोत. मंडळाची वर्गणी, स्मरणिकेच्या जाहिराती, वधूवर मेळावा, ही सारी कामे आपण त्यांच्याच खांद्यांवर टाकतो आणि एखाद्याने असमर्थता दर्शविली की "ज्ञातीचा अभिमान उरला नाही" असे बोलतो. रात्रपाळी संपवून आलेल्या मुलास किंवा सुनेस हे बोल किती लागत असतील, याचा विचार आपण करावा. त्यांचा प्रामाणिक नकार मानाने स्वीकारणे, हीही ज्ञातिसेवाच होय, असे आम्हांस वाटते.