अंगाचा रंग आणि अंगावरचें नांव

(कर्जत-खालापूर भागांतील एका शाळेच्या चित्रप्रदर्शनाच्या वेळीं एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



भिंतीवरचीं चित्रें आपण पाहिलींत. मुलांना आम्हीं 'मी' हा एकच विषय दिला होता. त्यांत आमच्या हातून एक चूक झाली, ती आधीं सांगतों. मुलांच्या चुका तर आम्ही रोज चव्हाट्यावर मांडतों.

चेहरा कोणत्या रंगानें रंगवावा, असें एकानें विचारलें. आम्हीं पेटींतला गुलाबी मेणखडू उचलून दाखविला. त्याच्यावर 'स्किन', म्हणजे कातडी, असें छापलेलें होतें. वाडीवरून येणाऱ्या एका कातकरी मुलीनें तो खडू आपल्या मनगटाला लावून पाहिला आणि विचारलें, "गुरुजी, ह्यो कुनाचा रंग?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तिनें चेहरा कोराच ठेविला.

अमेरिकेंत क्रेयोला कंपनीनेंही असाच एक खडू 'देहवर्णी' म्हणून विकला होता. १९६२ सालीं तिनें त्याचें नांव बदलून पीच ठेविलें. आमच्या ध्यानांत ही गोष्ट यावयास एका पोरीचें मनगट लागलें!

कोणी म्हणेल, मास्तर, खडूचें काय एवढें? पण देह कोणाचा, तो रंगवितो कोण आणि त्याला नांव देतो कोण, हा प्रश्न चित्रकलेंत लहान नाहीं. कोंडिवड्याजवळ, राजमाचीच्या पायथ्याशीं, कोंडाण्याचीं लेणीं आहेत. तेथें चैत्याच्या दर्शनी बाजूस एका मोठ्या मूर्तीचें भंगलेलें मस्तक आहे आणि त्याजवळ ब्राह्मी लिपींत लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक यानें केलें. लेण्यांत बहुधा दान देणाऱ्यांचीं नांवें सांपडतात. येथें करणाऱ्याचें आहे. मूर्तीचें धड गेलें, पण दोन हजार वर्षें बलकाचें नांव कोणी पुसलें नाहीं.

याच्या उलट, दुसऱ्यांनीं अंगावर लादलेली ओळख पाहावयाची असेल तर सवी सावरकरांचीं चित्रें पाहावींत. हे चित्रकार १९६१ सालीं नागपुरांत जन्मले. गळ्यांत मडकें आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य त्यांनीं पुनः पुनः काढला. पेशवाईंतील पुण्याची ही हकीकत डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या निबंधांत सांगितली आहे. चित्रापुढें उभें राहून आम्ही विचारतों: मडकें काढून घेतलें, झाडू सोडला, तर मागें काय उरतें? तुमच्याआमच्यासारखाच एक देह. अस्पृश्यता त्या सामानांत होती, आणि सामान बांधणाऱ्याच्या मनांत.

आज मडकें दिसत नाहीं, पण शाळेंत पाहुणे येतात आणि कातकरी पोर दिसलें कीं म्हणतात, "बाळ, वारली चित्र काढून दाखव!" वारली निराळे, कातकरी निराळे. दोन त्रिकोण टोकाशीं जोडून माणूस उभा करणाऱ्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. ती त्यांच्या हाताची कमाई. ती प्रत्येक आदिवासी पोराच्या गळ्यांत कां बांधावी?

असो. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी, असें नांवाचें मूळ सांगतात. आम्हीं दुसऱ्या दिवशीं पानाच्या टपरीवरून कात आणिला आणि वाटींत पाणी घालून कालविला. मुलीनें बोटानें मनगटावर लावून पाहिला. म्हणाली, अजून काळा पायजे. मग स्वैंपाकाच्या खोलींतून तव्याची काजळी आणिली. पाहतां पाहतां वाटीभोंवतीं सारा वर्ग जमला. आगऱ्याचीं, मराठ्यांचीं, ठाकरांचीं, बौद्धांचीं सारींच मुलें मनगटें पुढें करूं लागलीं. कोणाला काजळी जास्त, कोणाला थोडी हळद. पण गुलाबी खडू एकाच्याही कामास आला नाहीं. एका आईनें मात्र आपल्या मुलाला इतका काळा कां काढविला म्हणून आम्हांस जाब विचारला. मूल जवळच उभें होतें, तें म्हणालें, "मीच काढला."

त्या मुलीचें चित्र दारापासून तिसरें आहे. भट्टीचा हंगाम सुरूं झाल्यानें ती आईबापांबरोबर विटा थापावयास गेली. आज येथें नाहीं. बलकासारखें तिनेंही खालीं नांव लिहिलें आहे. तें आम्ही येथून वाचीत नाहीं. आपण उठून, जवळ जाऊन वाचावें.